काल चालत होतं, आज उघडत नाही : लिनक्सवरचं विंडोज सॉफ्टवेअर अडलं तर

लक्षणं आधी. यातलं एखादं जरी तुमच्या पीसीवर दिसत असेल तर पुढचं वाचा.

आयकॉनवर क्लिक केलं की कर्सर दोन-चार सेकंद फिरतो आणि गप्प बसतो. ना खिडकी, ना एरर. किंवा खिडकी उघडते पण मराठीच्या जागी चौकोन, नाहीतर डोक्यावर टिंबं आणि टोप्या घातलेली परदेशी अक्षरं. किंवा सगळं नीट दिसतं, पण ३ एप्रिलचं बिल ४ मार्चला पडतं. किंवा वजनकाटा, दुधाचं फॅट मोजायचं मशीन, सीएनसी (संगणकाच्या हुकमावर चालणारं वर्कशॉपचं मशीन) असं काहीतरी जोडलेलं आहे आणि पोर्टच सापडत नाही. किंवा उघडता उघडता ‘डाँगल लावा’ म्हणतं, आणि डाँगल, म्हणजे परवान्याची यूएसबी किल्ली, तर समोर लुकलुकतोय.

माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात पीसी दुरुस्तीचं दुकान आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. वर्कशॉपमधला दहा वर्षांचा पीसी त्यात बसत नाही, पण चालतो मात्र ठणठणीत. तो भंगारात घालायचा कुणाच्या जिवावर येत नाही, मग त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम बसवायची आणि जुनं बिलिंग वाईन नावाच्या सॉफ्टवेअरमधून चालवायचं, असं काम माझ्याकडं सारखं येतं. आणि दोन-तीन महिन्यांनी त्याच पीसीचा फोन येतो : “काल चालत होतं बघा, आज काय झालंय की.”

हे वाक्य म्हणजे निम्मं निदान आहे. का, ते सांगतो. वाईन हे विंडोज नाही आणि विंडोजची नक्कल करणारा खोटा संगणकही नाही. १९९३ पासून चालू असलेला हा मुक्त प्रकल्प म्हणजे मधला अडत्या. सॉफ्टवेअर विंडोजच्या भाषेत मागणी करतं, ‘ही फाइल उघड, हा पोर्ट दे’, आणि वाईन ती मागणी लिनक्सकडून पुरी करून आणतं. व्यवहार दोन ठिकाणी मोडू शकतो. एक तर अडत्याला मागणीच कळली नाही. म्हणजे वाईनमध्ये ती सोय नाही. नाहीतर मागणी कळली, पण लिनक्सनं माल दिला नाही : परवानगी नाही, डिस्कवर जागा नाही, हवा तो भाग निघून गेलाय. पहिल्या प्रकारात सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासूनच चालत नसतं. काल चालत होतं म्हणजे मागणी कळत होती. तेव्हा दोष बहुतेक वेळा लिनक्सच्या बाजूला, आणि तो स्वस्तात निघतो. वाईन काढून परत टाकणं म्हणजे जखम मांडीला, मलम शेंडीला.

एक खुलासा. आज्ञांची आणि फोल्डरांची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिलीत. टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायची.

हात लावायच्या आधी डेटाची प्रत

होम फोल्डरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की लपलेले फोल्डर दिसतात. त्यात नावाआधी टिंब असलेला ‘वाईन’ फोल्डर असतो. याला आम्ही प्रिफिक्स म्हणतो. तुमची सी ड्राइव्ह, सॉफ्टवेअर, सगळा हिशेब याच्या पोटात.

हा फोल्डर नुसता ओढून पेनड्राइव्हवर टाकू नका. २०२१ च्या पुरात पाणी व्हीनस कॉर्नरकडं चढायला लागलं तेव्हा एका दुकानदारानं नेमकं हेच केलं. पीसी बुडाला, पेनड्राइव्ह वाचला, आणि नव्या पीसीवर काही उघडेना. कारण साधं आहे. प्रिफिक्समध्ये ‘डॉसडिव्हाइसेस’ नावाच्या फोल्डरात ‘सी’ आणि पुढे अपूर्णविराम अशा नावाचे दुवे असतात, आणि पेनड्राइव्हची फाइली साठवायची ‘फॅट’ पद्धत (दुधाच्या फॅटशी संबंध नाही) ना ते दुवे ठेवते ना नावातला अपूर्णविराम. हिशेबाच्या फाइली सुखरूप होत्या, त्या उचलून नव्या प्रिफिक्समध्ये ठेवल्या आणि काम झालं. पण अख्खा फोल्डर न्यायचा असेल तर आधी त्यावर राइट-क्लिक करून कॉम्प्रेस करा, टार-जीझेड प्रकार निवडा, मग ती एकच फाइल कुठेही न्या.

फुकटातल्या तपासण्या

सॉफ्टवेअर कालच्या वेळचं अर्धवट बंद होऊन मागं तसंच जिवंत असतं. दुसऱ्यांदा उघडायला गेलं की ते ‘मी आधीच चालू आहे’ असं समजून गप्प निघून जातं. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘वाईनसर्व्हर’, जागा, उणे चिन्ह, ‘के’ अशी आज्ञा दिली की वाईनचं सगळं बंद होतं. जमत नसेल तर पीसी रीस्टार्ट करा. एवढ्यावर बरेच फोन संपतात, आणि त्याचे मी पैसे घेत नाही.

मग डिस्क बघा. भरलेल्या डिस्कवर लिनक्स चालू होतं, पण सॉफ्टवेअरला आपली तात्पुरती फाइल लिहिता येत नाही आणि ते न बोलता मरतं. १२० जीबीची एसएसडी आणि त्यावर पोरांचे पिक्चर, दुसरं काय सांगू.

तिसरी तपासणी मालकीची. कुठंतरी वाचून लोक प्रत्येक आज्ञेच्या आधी ‘सुडो’ लावतात, म्हणजे ती आज्ञा रूटच्या, सिस्टीमच्या सर्वाधिकारी मालकाच्या, नावानं चालवतात. सुडो लावून सेटअप चालवला तर सॉफ्टवेअर तुमच्या घरात न बसता रूटच्या घरात जाऊन बसतं, आणि तुम्ही म्हणता इन्स्टॉल झालं पण दिसत नाही. दुसरी गंमत म्हणजे बॅकअप परत ठेवताना ‘ओपन ॲज रूट’ करून फोल्डर चिकटवतात. मग प्रिफिक्सचा मालक रूट होतो आणि टर्मिनलमध्ये वाईन ‘नॉट ओन्ड बाय यू’ म्हणून दार लावून घेतं. ‘चाऊन’ ही मालकी बदलायची आज्ञा मोठ्या ‘आर’च्या पर्यायासह त्या फोल्डरवर चालवली की दार उघडतं. इथं मात्र सुडो लागतंच. पण फोल्डरचं नाव टाइप करताना दोनदा बघा. एक तिरकी रेघ चुकून एकटी पडली तर अख्ख्या सिस्टीमची मालकी बदलते आणि मग मला बोलवावंच लागतं.

टर्मिनल काय म्हणतंय ते ऐका

इथपर्यंत काही निघालं नाही तर आयकॉन सोडा. सॉफ्टवेअरच्या फोल्डरात राइट-क्लिक करून टर्मिनल उघडा, ‘वाईन’ आणि पुढे त्या एक्सई फाइलचं नाव द्या. आयकॉनवरून जे गप्प मरतं ते इथं बोलून मरतं. ‘फिक्समी’ असं लिहिलेल्या ओळींचा पाऊस पडेल, त्याकडं दुर्लक्ष करा. चांगल्या चालणाऱ्या सॉफ्टवेअरलाही त्या येतात. ‘एर’ नं सुरू होणाऱ्या शेवटच्या चार-पाच ओळी महत्त्वाच्या.

मला सगळ्यात जास्त दिसणारी ओळ आहे ‘इट लुक्स लाइक वाईन३२ इज मिसिंग’. आपल्याकडची जुनी बिलिंग, पतसंस्थेची, गुळाच्या अडतीची सॉफ्टवेअर बहुतेक ३२-बिट. ती चालायला लिनक्समध्ये ३२-बिटचे भाग वेगळे बसवावे लागतात. मोठ्या अपडेटमध्ये किंवा कुणी ‘नको असलेली पॅकेजेस’ साफ करताना ते भाग निघून जातात. ६४-बिट वाईन जागेवर असतं, म्हणून वाटतं वाईन तर आहे की! ‘वाईन३२’ पॅकेज परत टाकलं की झालं. इंटरनेट धड असेल तर दहा मिनिटांचं काम.

‘डीएलएल नॉट फाउंड’ आलं, म्हणजे सॉफ्टवेअरला लागणारा विंडोजचा सुटा भाग सापडला नाही, तर विनट्रिक्स वापरा; ते असे भाग वाईनमध्ये बसवून देतं. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेलं सॉफ्टवेअर आणि डेटाला ॲक्सेसची एमडीबी फाइल, ही जोडी कोल्हापूर-सांगलीकडं अजून ठाण मांडून आहे. तिला विनट्रिक्समधलं ‘व्हीबी६रन’, ‘एमडॅक२८’ आणि ‘जेट४०’ लागतं, आणि प्रिफिक्स ३२-बिटचा लागतो. सगळ्याच चौकटींवर खुणा करून टाकू नका. एकेक टाका, दर वेळी सॉफ्टवेअर उघडून बघा. इंटरनेटवरच्या कुठल्याही साइटवरून सुटी डीएलएल आणून टाकणं तर नकोच. वाईन म्हणजे पिंजरा नव्हे. त्याच्या झेड ड्राइव्हमधून तुमचं अख्खं होम फोल्डर दिसतं, आणि विंडोजचा व्हायरसही ते बघू शकतो. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरला मी हात लावत नाही, त्याचं एक कारण हे.

चौकोन, टोप्या आणि उलटी तारीख

चौकोन म्हणजे फॉण्ट नाही. लोहित किंवा नोटोचा देवनागरी फॉण्ट सॉफ्टवेअर मॅनेजरमधून टाका. टोप्यावाली अक्षरं हा वेगळा रोग. युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉण्टांत ‘क’ हा खरा ‘क’ नसतोच, परदेशी अक्षराच्या जागेवर ‘क’चं चित्र काढलेलं असतं. तो नेमका फॉण्ट नसला की खालचं परदेशी अक्षर उघडं पडतं. तुमच्या जुन्या पीसीवरच्या परवान्याचा तोच फॉण्ट प्रिफिक्सच्या ‘विंडोज’मधल्या ‘फॉण्ट्स’ फोल्डरात ठेवा. मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर वाईनमध्ये चालवलं तरी त्याचा कीबोर्ड फक्त वाईनच्या खिडक्यांत चालतो, लिब्रेऑफिसमध्ये नाही. तिथं आयबस या लिनक्सच्या टायपिंगच्या सोयीतला इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकून घ्या.

तारीख उलटी पडते कारण वाईन तारखेची पद्धत लिनक्सच्या भाषेवरून उचलतं. मिंटमध्ये भाषा आणि प्रदेश दोन्ही ‘इंग्लिश, इंडिया’ करा, लॉगआउट करून परत या, आणि खोट्या पार्टीच्या नावावर एक बिल पाडून बघा. तोपर्यंत खरं बिल करू नका. १२ तारखेपर्यंतची बिलं गुपचूप चुकीच्या महिन्यात जातात, १३ तारखेला एरर येते, आणि मग मागची उलगडायला सीए बसवावा लागतो.

पोर्टाचं प्रकरण

आता जरा सविस्तर, कारण इथं मी स्वतः आपटलोय.

करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेत संकलनाच्या टेबलावर वजनकाटा आणि फॅट मशीन, दोन्ही सिरीयल केबलनं पीसीला. पीसीला सिरीयल पोर्ट नाही, म्हणून यूएसबीचे दोन स्वस्त कन्व्हर्टर. सकाळी सहाला सचिवांचा फोन. “अण्णा, लाइन लागलीय, फॅट येईना.” मी गेलो तर किटल्या घेतलेली पंधरा-वीस माणसं आणि सचिव वहीवर हातानं लिहितायत. मी वाईनची उठाठेव अर्धा तास केली. व्यर्थ.

मग केबल काढून परत लावली आणि कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, नोंदवही बघितली; त्याची आज्ञा डी-एम-ई-एस-जी. त्यात दिसलं की कन्व्हर्टर ओळखला जातो आणि लगेच सुटतो, आणि त्याला हिसकावणाऱ्याचं नाव ‘बीआरएलटीटीवाय’. हे अंध व्यक्तींच्या ब्रेल पट्टीसाठीचं सॉफ्टवेअर. काही ब्रेल उपकरणांत आणि आपल्या स्वस्तातल्या सीएच३४० कन्व्हर्टरमध्ये चिप एकच, ओळख क्रमांक एकच, म्हणून उबुंटू २२.०४ आणि त्यावर बेतलेल्या मिंटमध्ये ते आपल्या कन्व्हर्टरला ब्रेल पट्टी समजून बळकावतं. त्या पीसीवर ब्रेल कुणी वापरत नव्हतं, पॅकेज काढलं, पोर्ट हजर. म्हणून पोर्टाची तक्रार असेल तर वाईनकडं शेवटी जा. आधी क्यूटकॉमसारखं साधं लिनक्सचं सॉफ्टवेअर उघडून वजन येतंय का बघा. तिथंच येत नसेल तर दोष केबल, कन्व्हर्टर किंवा परवानगीत. परवानगीसाठी तुमचं नाव ‘डायलआउट’ गटात लागतं, आणि गटात घातल्यावर लॉगआउट केल्याशिवाय ते लागू होत नाही. हे शेवटचं लोक हमखास विसरतात.

क्यूटकॉममध्ये आकडे येतात पण बिलिंगमध्ये नाही? मग वाईन. वाईन मदरबोर्डच्या, असलेल्या-नसलेल्या, पोर्टांना कॉम१ पासून कॉम३२ पर्यंत नावं देऊन मोकळं होतं आणि तुमच्या यूएसबी कन्व्हर्टरच्या वाट्याला येतो कॉम३३. जुन्या सॉफ्टवेअरच्या यादीत कॉम४ च्या पुढं काही नसतंच. ‘रेजएडिट’ उघडा, त्यात रेजिस्ट्री म्हणजे सेटिंगची वही दिसते; लोकल मशीन, सॉफ्टवेअर, वाईन, त्यात ‘पोर्ट्स’ हा भाग नसेल तर बनवा, कॉम१ नावाची स्ट्रिंग घाला आणि तिच्यापुढं कन्व्हर्टरचा लिनक्समधला पत्ता. मग वाईनसर्व्हर बंद करून परत चालू.

दोन आठवड्यांनी त्याच संस्थेतून परत फोन. आता फॅटच्या रकान्यात वजन आणि वजनाच्या रकान्यात फॅट! रात्री लाइट गेली होती. पीसी परत चालू होताना दोन कन्व्हर्टरपैकी जो आधी उठला त्याला शून्य नंबर मिळाला, जो मागून उठला त्याला एक. मी पत्ता दिला होता नंबराचा. या स्वस्त कन्व्हर्टरांना स्वतःचा सिरीयल नंबरही नसतो, त्यामुळं दोघांत फरक कळायला एकच मार्ग : ते कुठल्या यूएसबी खाचेत आहेत. ‘डेव्ह’मधल्या ‘सिरीयल’ फोल्डरात ‘बाय-पाथ’ नावानं खाचेनुसार पत्ते असतात, ते रेजिस्ट्रीत घातले. खाचांजवळ नेलपेंटचे दोन ठिपके लावले, लाल वजन, गुलाबी फॅट. त्यानंतर त्या टेबलावरून फोन नाही.

सीएनसीवाल्यांनाही हेच सगळं लागू. फक्त मशीन चालू असताना सिरीयल केबल काढू-लावू नका. अर्थिंगमध्ये फरक असला तर पोर्ट जळतो, आणि मशीनच्या बाजूचा पोर्ट जळला तर खर्च तुमच्या पीसीच्या किमतीहून जास्त.

नवा प्रिफिक्स

एवढं करून हटत नसेल तर जुन्या प्रिफिक्सचं नाव बदलून ठेवा, पुसू नका. ‘वाईनसीएफजी’ चालवलं की नवा कोरा प्रिफिक्स तयार होतो. जुन्या सॉफ्टवेअरसाठी त्यात विंडोज ७ निवडून बघा. सॉफ्टवेअर परत बसवा आणि फक्त डेटाचा फोल्डर जुन्यातून आणा. एका प्रिफिक्समध्ये एकच सॉफ्टवेअर ठेवायची सवय लावा. एकासाठी टाकलेली डीएलएल दुसऱ्याच्या मुळावर येते. हे हातानं सांभाळायचा कंटाळा येत असेल तर बॉटल्स नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, ते हेच काम बटणांवर करतं.

इथं थांबायचं

डाँगल मागणाऱ्या सॉफ्टवेअरवर मी वाईनमध्ये दहा मिनिटांपेक्षा जास्त घालवत नाही. डाँगलचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसणारा असतो, आणि वाईनजवळ तो गाभाच नाही. इथं अडत्याचा उपयोग नाही, खरं विंडोजच पाहिजे. व्हर्च्युअलबॉक्स हे पीसीच्या आत दुसरा पीसी चालवणारं सॉफ्टवेअर, त्यात परवान्याचं विंडोज टाका, यूएसबी आत सोडा. त्यासाठी तुमचं नाव ‘व्हीबॉक्सयूजर्स’ गटात घालावं लागतं. ८ जीबी रॅम धरा. ४ जीबीवर करून बघितलंय, दुसऱ्यांदा करणार नाही. डिजिटल सहीच्या टोकनसाठी मात्र आधी टोकनवाल्या कंपनीकडं लिनक्सचा ड्रायव्हर आहे का विचारा. काहींचा असतो, मग वाईन आणि व्हर्च्युअलबॉक्स दोन्ही नको.

लक्ष्मीपुरीतल्या छपाईवाल्यांना माझा सल्ला वेगळा. पानं जुळवायचं त्यांचं पेजमेकर ७ आलं २००१ मध्ये. त्याच्या फाइली लिब्रेऑफिस ड्रॉ ४.४ पासून उघडतं, पण ओळी सरकतात आणि जुन्या फॉण्टची लग्नपत्रिका हातानं परत जुळवायला लागते. नवं काम स्क्रायबस या पानं जुळवायच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडात करा, आणि जुन्या फाइलींसाठी एक जुना विंडोज पीसी इंटरनेटची वायर काढून कोपऱ्यात ठेवा. उद्यमनगरातल्या पॅटर्नवाल्यांचं नुसतं डीएक्सएफ म्हणजे ड्रॉइंगची फाइल उघडायचं काम लिब्रेकॅडवर भागतं, त्यासाठी वाईनचा घोळ घालू नये.

माणूस बोलवायची वेळ कधी? सॉफ्टवेअर उघडतं पण ‘डेटाबेस करप्ट’ म्हणतं, तेव्हा ‘रिपेअर’चं बटण दाबू नका, डेटाची प्रत काढा आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला फोन करा. परवाना नव्या पीसीवर हलवायचा असेल तरी त्यालाच. मोजक्या वेळाच हलवता येणारे परवाने असतात आणि चुकीचा प्रयत्न त्यात मोजला जातो. सीएनसीच्या स्क्रीनवर पॅरामीटर बदलल्याशिवाय पोर्ट जुळत नसेल तर मशीनचा सर्व्हिस इंजिनियर, मी नाही. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर पीसी बंद करून डेटा काढून देणाऱ्याकडं न्या, वरची एकही तपासणी करू नका.

फोन करताना तीन गोष्टी हाताशी ठेवा : टर्मिनलमधल्या शेवटच्या ओळींचा फोटो, लिनक्सची आवृत्ती, आणि परवा-कालमध्ये पीसीवर काय केलं ते. “काहीच केलं नाही” असं सांगितलंत तर मी चहा घेत परत विचारणार, आणि मग कुणीतरी आठवून म्हणणार, “तेवढं अपडेट आलं होतं, ते दाबलं होतं पोरानं.”